डेरीब्रायन: चार अंशांचा उतार, पीटची जमीन आणि खोदलेल्या मालाचे ओझे

आयर्लंडच्या गॉलवे काउंटीत स्लीव्ह ऑटी नावाची बुटक्या, गोलसर डोंगरांची रांग आहे. तिथल्या डेरीब्रायन गावावरच्या डोंगरमाथ्यावर 2003 च्या उन्हाळ्यात पवनचक्क्यांचे काम सुरू झाले. तीन टप्प्यांत मंजूर झालेली एकूण 71 टर्बाइन. जमिनीवरचा एवढा मोठा पवनऊर्जा प्रकल्प आयर्लंडमध्ये तोवर कुणी आखला नव्हता. 16 ऑक्टोबर 2003 रोजी, 68 क्रमांकाच्या टर्बाइनच्या पायाचे खोदकाम चालू होते त्या भागात उतार सुटला. सुमारे 4.5 लाख घनमीटर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची पाण्याने भरलेली माती, जागेवरून हलले आणि ओढ्याच्या दरीतून खाली जाऊन थांबले. महिनाअखेरीस जोराचा पाऊस झाला, तसा थांबलेला राडा पुन्हा वाहू लागला आणि ओवेनडालुलीग नदीत उतरला. नदीतले सुमारे 50,000 मासे मेले आणि त्यांच्या अंडी घालायच्या जागांचे दीर्घकाळ टिकणारे नुकसान झाले. जीवितहानी झाली नाही.

जमीन घसरली तेव्हा टर्बाइन उभे नव्हते. त्याचा पाया ओतून, वर मनोरा चढवून जमिनीवर भार आला आणि ती खचली, असे घडलेले नाही. पायाचे डिझाइन पीटखालच्या टणक थरावर टेकायचे होते आणि त्या हिशेबात चूक काढण्यासारखे फारसे नाही. घसरणीनंतरच्या तपासात बोट ठेवले गेले ते खोदकामावर, खोदलेला माल शेजारीच पीटवर टाकण्यावर आणि त्याच जागी आधीपासून असलेल्या कमकुवत पट्ट्यावर. पीटच्या जमिनीवर बांधकाम करताना खरा धोका कायमच्या इमारतीपेक्षा कामाच्या मधल्या टप्प्यांत असतो. या मधल्या टप्प्यांचे डिझाइन बहुतेक वेळा कुणी केलेलेच नसते. ते सुपरवायझर आणि पोकलेनवाला जागेवर ठरवतात.

मराठी वाचकाला यात रस का असावा? पुण्या-मुंबईच्या डिझाइन ऑफिसांतून आज ब्रिटन आणि आयर्लंडच्या कामांची ड्रॉइंग निघतात. ती काढणाऱ्या अनेकांनी पीट कधी हातात घेतलेले नसते. बेसाल्ट, मुरूम आणि काळ्या मातीवर घडलेली नजर पीटवर फसते.

जागा कशी होती

डोंगराच्या अंगावर चादरीसारखे पसरते म्हणून या प्रकाराला ब्लँकेट पीट म्हणतात. थंड, सतत ओलसर हवेत शेवाळ आणि गवत पुरते कुजत नाही. हजारो वर्षे थरावर थर साचत जातो. डेरीब्रायनला ही जाडी काही मीटरची, ठिकठिकाणी पाच मीटरपर्यंत, आणि खाली हिमनद्यांनी आणलेली चिकणमाती-दगडांची टणक भर. उतार नजरेत भरणारा नव्हता, जेमतेम काही अंशांचा. एवढ्या उतारावर आपल्याकडे कुणी दरडीचा विचारही करणार नाही.

माथ्याच्या मोठ्या भागावर सूचिपर्णी झाडांची व्यापारी लागवड होती. पवनचक्क्यांसाठी 263 हेक्टरवरची झाडे तोडायची परवानगी मे 2003 मध्ये मिळाली. ही लागवड दुर्लक्षून चालत नाही. अशा लागवडीसाठी पीटमध्ये नांगराने लांबच लांब चर पाडलेले असतात, बहुधा उताराच्या दिशेने. पीटच्या वरच्या वीत-दोन वीत जाडीच्या थरात जिवंत मुळे आणि न कुजलेले धागे असतात. दुधावरच्या सायीसारखा हाच थर खालचा पातळ भाग धरून ठेवतो. नांगराने हा थर पट्ट्यापट्ट्यांत कापला जातो. झाडे पाणी शोषतात, पीट आकसते, त्याला भेगा पडतात. पुढे पाऊस पडला की पाणी पृष्ठभागावरून वाहून जाण्याऐवजी भेगांतून थेट तळाशी पोचते. वरून हिरवेगार दिसणारे वनीकरण जमिनीच्या हिशेबात एक जुनी जखम असते, आणि नकाशात तिची नोंद स्वतंत्रपणे व्हायला हवी.

पहिली घसरण पावसाने झाली नाही, हेही ध्यानात ठेवावे. महिनाभर आधी, 19 सप्टेंबर 2003 ला, मेयो काउंटीतल्या पोलाटोमिश इथे डोंगर अनेक ठिकाणी सुटला. तिथे मुसळधार पाऊस हे उघड कारण होते. डेरीब्रायनला पाऊस आला तो नंतर, सुटलेला माल वाहून न्यायला. पीट फक्त पावसाळ्यातच घसरते, या समजुतीवर कामाचे वेळापत्रक बांधणे म्हणूनच धोक्याचे.

पीट म्हणजे नेमके काय

बांधकामाच्या दृष्टीने पीट म्हणजे धाग्यांनी धरलेले पाणी. कोरड्या वजनाच्या तुलनेत पाण्याचे प्रमाण 500 ते 1500 टक्के सहज असते. 900 टक्के धरले तर 100 ग्रॅम ओल्या पीटमध्ये घन पदार्थ फक्त 10 ग्रॅम. घनमीटरचे वजन साधारण एक टन, म्हणजे पाण्याइतकेच. याचा परिणाम कागदावर मांडला की अंगावर येतो. पीटचे एकक वजन 10 आणि पाण्याचे 9.81 किलोन्यूटन प्रति घनमीटर. भूजल पृष्ठभागापर्यंत असेल तर 2.5 मीटर खोलीवर धाग्यांवर येणारा परिणामी दाब 2.5 × 0.19, म्हणजे अर्ध्या किलोपास्कलपेक्षाही कमी. पाण्याच्या दाबात पाच सेंटिमीटरची वाढ झाली की तोही संपतो. अशा थराचे घर्षणकोन मोजून स्थैर्य काढायला बसणे म्हणजे शून्याशी झुंजणे. म्हणून बांधकामाच्या काळासाठी बहुतेक जण पाणी बाहेर पडायला वेळ न मिळालेल्या अवस्थेतली शिअर स्ट्रेंथ, म्हणजे थर सरकण्याला मिळणारा विरोध, धरतात. तरीही पाण्याचा दाब वेगळा मोजायलाच हवा, कारण तळाशी साचलेले पाणी या आकड्यांत दिसत नाही.

आता उताराचा साधा हिशेब. पुढचे आकडे डेरीब्रायनच्या अहवालातले नाहीत. त्या प्रकारच्या जमिनीला शोभतील असे गृहीत धरलेले आहेत. तळाशी येणारा सरकवणारा ताण म्हणजे एकक वजन × जाडी × उताराची साइन × कोसाइन. चार अंशांसाठी शेवटच्या दोन संख्यांचा गुणाकार 0.07 च्या जवळ येतो. 2.5 मीटर पीट असेल तर ताण 1.74 किलोपास्कल. तळाशी शिअर स्ट्रेंथ 5 किलोपास्कल असेल तर सुरक्षा गुणांक, म्हणजे स्ट्रेंथ भागिले ताण, 2.9. त्यावर खोदलेल्या ओल्या पीटचा एक मीटरचा ढीग टाकला तर ताण 2.44 होतो आणि गुणांक 2.05. दोन मीटरचा ढीग टाकला तरी 1.6. ठीक दिसते.

पण त्याच जागी एका पट्ट्यात स्ट्रेंथ 2.5 किलोपास्कल असेल तर? मोकळ्या उताराचा गुणांक 1.44, म्हणजे उतार हजारो वर्षे उभा आहे आणि आणखी उभा राहील. एक मीटर ढीग टाकला की 1.03. दोन मीटर टाकला की 0.8. सहसा 1.3 च्या खाली जाऊ देत नाहीत. इथे पोकलेनच्या अर्ध्या दिवसाच्या कामाने जमीन त्या रेषेच्या पार खाली जाते. पाच आणि अडीच किलोपास्कलमधला हा फरक हातातल्या व्हेनच्या (पीटमध्ये खुपसून फिरवायच्या पात्यांच्या उपकरणाच्या) एका चुकीच्या वाचनाएवढा आहे.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. पाच मीटर जाडी आणि चार अंश उतार असताना जमीन स्थिर आहे, म्हणजे तिथली सरासरी स्ट्रेंथ निदान 3.5 किलोपास्कल असलीच पाहिजे. नाहीतर ती आधीच गेली असती. चाचणीत याहून कमी आकडा आला तर चाचणी तपासावी. मात्र चाचणीत 12 आला म्हणून 12 धरू नये.

एका टर्बाइनमागे माल किती निघतो? पायाचा खड्डा 18 × 18 मीटर आणि क्रेनसाठी 25 × 35 मीटरचा टणक चबुतरा धरला तर क्षेत्र सुमारे 1200 चौरस मीटर. 2.5 मीटर पीट काढायचे तर 3000 घनमीटर, म्हणजे 3000 टन ओले वजन. खड्ड्याच्या कडांचे उतार वेगळेच. शेजारी एक मीटर उंचीने पसरायचे तर 3000 चौरस मीटर पीटवर दहा किलोपास्कलचा नवा भार आला. अशी 71 टर्बाइन. एवढा माल कुठे जाणार हा प्रश्न टेंडरच्या आधी सुटलेला हवा. तो न सुटता मशीन साइटवर आले तर माल खड्ड्याच्या काठावरच पडतो, कारण चालकाच्या बुमची पोच तेवढीच असते.

तपासणी

सुरुवात लोखंडी सळईने. दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या, मीटर-मीटरने जोडता येणाऱ्या सळया हाताने पीटमध्ये दाबत न्यायच्या. तळाशी करकर लागली तर खडी-वाळू, दगडावर खट्ट आवाज, आणि सळई हळूहळू जड होत थांबली तर बहुधा चिकणमाती. या तिसऱ्या प्रकारात खोली जास्त लिहिली जाते, कारण मऊ चिकणमातीही सळईला पीटसारखीच वाटते. दर दहा-पंधरा ठिकाणांमागे एका ठिकाणी कोअर, म्हणजे नळीने उभा नमुना, काढून खोलीचा ताळा घ्यावा. स्कॉटलंडच्या पद्धतीत पहिल्या फेरीत 100 मीटरच्या जाळीने सळई घालतात. जागा ठरल्यावर टर्बाइनच्या पायाखाली आणि चबुतऱ्यावर 10 मीटरने, रस्त्यावर दर 50 मीटरला आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंना 10 मीटर सरकून. रस्त्याच्या नुसत्या मध्यरेषेवर मोजले तर आडवा उतार आणि बाजूची खोल खळगी हातून निसटतात.

जाडीचा नकाशा आणि उताराचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहावेत. धोक्याच्या जागा तिथे दिसू लागतात: उतार सौम्याचा तीव्र होतो ती गोलाई, ओढ्याचा उगम, पृष्ठभागावर न दिसणारा पण गवताच्या रंगावरून कळणारा पाणवाट्याचा पट्टा, पीटखालून वाहणाऱ्या नैसर्गिक पोकळ नळ्या, जुन्या घसरणीचे वण. डेरीब्रायनला सुटलेला भाग असाच पाण्याच्या वाटेशी जुळलेला होता. मोकळ्या डोंगरावर हे हवाई छायाचित्रात सापडते. दाट झाडीत सापडत नाही. म्हणून झाडे तोडून झाल्यावर पुन्हा एकदा पायी फिरून नकाशा करावा, आणि टर्बाइन हलवायची मुभा त्या फेरीपर्यंत शिल्लक ठेवावी.

कोअरसाठी अर्ध्या नळीचा रशियन सॅम्पलर चांगला. तो 50 सेंटिमीटरचा तुकडा फारसा न दाबता बाहेर काढतो. तुकडा हातात आला की व्हॉन पोस्टची मूठ-चाचणी लगेच तिथेच करायची. लिंबाएवढा गोळा मुठीत घेऊन जोराने पिळायचा आणि बोटांच्या फटींतून काय येते ते पाहायचे. स्वच्छ पाणी आले तर एच 1. गढूळ पाणी आले पण पीट आले नाही तर एच 4. सुमारे एक तृतीयांश पीट फटीतून निसटले तर एच 6, निम्मे गेले तर एच 7, दोन तृतीयांश गेले तर एच 8. मूठ उघडल्यावर हातात काहीच उरले नाही तर एच 10. वरून खाली दर अर्ध्या मीटरला हा आकडा लिहीत गेले की कुठे धागे संपतात आणि लगदा सुरू होतो ते कळते. घसरण बहुधा त्या लगद्यात, टणक थराच्या जरा वर होते. पंधरा मिनिटांची ही चाचणी कित्येक महागड्या चाचण्यांपेक्षा जास्त सांगून जाते. मात्र ती ज्याने शंभर गोळे पिळले आहेत त्याच्या हातून करून घ्यावी.

व्हेन चाचणी सगळेच करतात, आणि तिच्यावर भरवसा जपूनच ठेवावा. धागेदार पीटमध्ये पाती फिरताना धागे त्यांना गुंडाळतात आणि आकडा फुगतो. एखादे लाकूड किंवा मूळ आडवे आले तर तो आणखीच फुगतो. मोठ्या पात्यांची व्हेन घ्यावी, वाचने खोलीनुसार मांडावीत आणि सरासरी काढू नये. सगळ्या वाचनांत तळाजवळची सर्वांत कमी वाचने वेगळी काढून डिझाइन त्यांवर करावे. पूर्ण फिरवल्यानंतरची, म्हणजे पीट मळल्यानंतरची स्ट्रेंथही मोजावी. ढिगाचा माल कसा वागणार ते तीच सांगते.

प्रयोगशाळेतली एक नेहमीची गफलत: नमुना 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात आणि पाण्याबरोबर थोडा सेंद्रिय भागही जळतो. सेंद्रिय मातीसाठी 60 ते 80 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे. सेंद्रिय भाग किती हे भट्टीत 440 अंशांना जाळून उरलेल्या राखेवरून काढतात. राख 25 टक्क्यांहून कमी असेल तर अमेरिकन वर्गीकरणात ते पीट. भारतीय मानक आयएस 2720 च्या बाविसाव्या भागातली रासायनिक पद्धत मातीतल्या थोड्या सेंद्रिय भागासाठी आहे. पीटसाठी जाळण्याचीच पद्धत घ्यावी. आयएस 1498 मध्ये पीटसाठी स्वतंत्र गट आहे, पण गटाचे नाव मिळाल्याने डिझाइनचा एकही आकडा मिळत नाही.

भूजलासाठी पीझोमीटर, म्हणजे पाण्याचा दाब मोजायच्या नळ्या, दोन खोल्यांवर लावावेत: एक वरच्या अर्ध्या मीटरमध्ये आणि एक तळाशी. दोन्हींतला फरक महत्त्वाचा. तळाचे पाणी वरच्यापेक्षा जास्त चढत असेल तर पीट खालून उचलले जात आहे.

काम कोणत्या क्रमाने करावे

रस्ता. पीट मीटरभरच असेल तर काढून टाकून टणक थरावर भराव घालणे सोपे. त्याहून खोल आणि बऱ्यापैकी सपाट जागी तरंगता रस्ता करतात. पृष्ठभागावरचे गवत, मुळे, झाडांचे बुंधे तसेच ठेवायचे. त्यावर फांद्यांचा थर किंवा जिओटेक्स्टाइल (कृत्रिम कापड), मग जिओग्रिड (मजबूत कृत्रिम जाळी), 300 मिलिमीटर खडी, पुन्हा जिओग्रिड आणि वर 300 ते 450 मिलिमीटर खडी. पाऊण मीटर खडीचा भार 15 किलोपास्कल होतो. तीन मीटर पीट अशा भाराखाली सहज 40-50 सेंटिमीटर दबते, आणि ते दबणे थांबत नाही, मंदावते. म्हणून खडी थराथराने टाकायची, मध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे, आणि खचलेल्या जागी वरून पुन्हा खडी ओतत राहायचे नाही. प्रत्येक ओतणे म्हणजे नवा भार. रस्त्याच्या अगदी कडेला चर खणला तर पीट त्या बाजूला पिळून निघते आणि रस्ता कलतो. उतार पाच अंशांच्या पुढे गेला की तरंगत्या रस्त्याचा मोह सोडावा.

मशीन. वीस टनांच्या साध्या पोकलेनचे ट्रॅक प्रत्येकी चार मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद धरले तर जमिनीवर सुमारे 42 किलोपास्कल येतात. 5 किलोपास्कल स्ट्रेंथच्या पीटची टिकायची सीमा 5.14 × 5, म्हणजे 26. मशीन बुडणारच. चार लाकडी मॅट, प्रत्येकी 5 × 1 मीटर, खाली घातल्या की तोच भार दहावर येतो. मॅट एकमेकांना भिडवून ठेवाव्यात आणि मशीन मॅटच्या मधोमध उभे करावे. कडेला उभे केले की मॅट पलटते.

खड्डा. पीटची उभी भिंत सिद्धांतानुसार 4 × स्ट्रेंथ ÷ एकक वजन एवढीच उंच टिकते: 2.5 किलोपास्कलला एक मीटर, तेही भेग नसेल आणि भेगेत पाणी नसेल तर. त्यामुळे अडीच मीटर पीटमध्ये सरळ खड्डा खणू नये. आधी टणक थरापर्यंत दगडी भरावाचे कडे तयार करावे, मग आतले पीट काढावे. उताराच्या खालच्या बाजूने खणायला सुरुवात केली तर वरच्या पीटचा टेकू आपणच काढून घेतो.

आणि माल. हाच या प्रकरणाचा गाभा. खड्ड्याच्या काठावर एक बकेटही ठेवायची नाही. माल डंपरमध्ये भरून ठरलेल्या साठवण-जागेवरच न्यायचा. ती जागा उतार दोन-तीन अंशांच्या आत असलेली, पीट कमी जाडीचे, पाणवाट्यापासून आणि गोलाईपासून दूर. खालच्या बाजूला टणक थरावर टेकलेला दगडी बांध माल टाकायच्या आधी पुरा झालेला हवा. उंची एक मीटरच्या आत, आणि त्या उंचीसाठीही वरचा हिशेब त्या जागेचे आकडे घालून करावा. दगडाची खाण साइटवरच असेल तर रिकामी झालेली खाण सर्वांत चांगली. वरचा मुळांचा थर वेगळा काढून, हिरवी बाजू वर ठेवून जपावा. शेवटी झाकायला तोच लागतो. खालचा कुजका लगदा मात्र जितक्या वेळा उचलू तितका पातळ होतो. एकदा मळला गेला की अगदी थोड्या उतारावरही वाहतो. म्हणून एकदाच उचलायचा आणि एकदाच टाकायचा, दोनदा हाताळायचा नाही.

पाण्याची सोय खोदकामाआधी. चरांचे पाणी उतारावर एका बिंदूत सोडले की ते त्याच जागी पीट भिजवते आणि भेगांतून तळाशी शिरते. ते बऱ्याच ठिकाणी थोडे थोडे पसरून सोडावे, आणि उताराला आडवा, खोल चर कधीही खणू नये. तो खालचा टेकू कापतो.

लक्ष ठेवायला महाग उपकरण लागत नाही. उताराला आडव्या ओळीत, पाच-पाच मीटरवर, दहाएक खुंट्या एका रेषेत ठोकायच्या. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी एका टोकाला उभे राहून डोळ्याने रेष पाहायची. एखादी खुंटी रेषेबाहेर दिसली, वरच्या अंगाला नवी भेग दिसली किंवा खालच्या अंगाला फुगवटा आला की काम थांबवायचे आणि माणसे खालच्या बाजूने नव्हे तर कडेने हलवायची. पावसासाठी आयर्लंडच्या साइट्सवर सहसा वापरले जाणारे थांबण्याचे आकडे: तासाला 10 मिलिमीटरहून जास्त, किंवा 24 तासांत 25 मिलिमीटरहून जास्त. कोकणात असा पाऊस पावसाळ्यात नित्याचा असतो, म्हणून हे आकडे इथे उचलून आणण्यात अर्थ नाही. तिथले पीट तिथल्या रिमझिमीला सरावलेले आहे.

घसरल्यानंतर

काम थांबले, दरीत दगडांचे बंधारे घालून राडा अडवण्यात आला, साइटचे पाणी बाहेर काढण्याची नवी योजना झाली. मग काम पुढे गेले आणि 2006 मध्ये वीज सुरू झाली. प्रत्येकी 850 किलोवॉटची 70 टर्बाइन उभी राहिली.

कायद्याची बाजू मात्र मिटली नाही. युरोपीय न्यायालयाने 3 जुलै 2008 च्या निकालात आयर्लंडला दोषी ठरवले: पर्यावरणीय परिणामांचे योग्य मूल्यमापन न करता परवानग्या दिल्या गेल्या होत्या. सादर झालेल्या अहवालांत जमिनीच्या स्थैर्याचा प्रश्नच आलेला नव्हता, आणि खोदकाम करायचे तिथे तो मूलभूत असतो, हे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले. भू-तांत्रिक अभियंत्याने ही ओळ भिंतीवर लावावी अशी आहे. पवनचक्की म्हणजे स्वच्छ ऊर्जा, म्हणून तिची तपासणी हलकी, असा विचार त्या काळी सर्रास होता. न्यायालयाने पाहिले ते पीटचे खोदकाम, रस्ते आणि वृक्षतोड. त्यानंतरही दुरुस्ती झाली नाही, म्हणून 12 नोव्हेंबर 2019 ला 50 लाख युरोंचा दंड आणि वर दर दिवसाला 15,000 युरो लागले. 2022 मध्ये आयर्लंडच्या नियोजन मंडळाने मागाहून मागितलेली मंजुरी नाकारली आणि प्रकल्प बंद करायचे ठरले. तोवर दंड 1.7 कोटी युरोंच्या घरात गेला होता.

डेरीब्रायन आणि पोलाटोमिशच्या घटनांनंतर पीटच्या घसरणीचा धोका मोजायची पद्धत लेखी झाली. स्कॉटलंडची मार्गदर्शिका 2006 मध्ये आली आणि 2017 मध्ये सुधारली गेली. तरीही नोव्हेंबर 2020 मध्ये डोनेगल काउंटीतल्या मीनबॉग इथे पवनचक्क्यांचे काम चालू असतानाच पीट सुटले आणि नदीतून सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये गेले. मार्गदर्शिका असूनही असे घडू शकते, म्हणून तिच्यातला हिशेब कामाच्या रोजच्या क्रमाला लावणारा माणूस साइटवर असावा लागतो. डिझाइन ऑफिसने दिलेल्या ड्रॉइंगवर साठवण-जागा, ढिगाची कमाल उंची आणि खोदायची दिशा लिहिलेली नसेल तर साइटवरच्या माणसाने ती मागून घ्यावी.

आता काढायचे कसे

टर्बाइन उतरवायला मोठी क्रेन त्याच तरंगत्या रस्त्यांवरून न्यावी लागते. हे रस्ते वर्षानुवर्षे दबलेले आहेत, त्यामुळे त्यांच्याखालचे पीट आता आधीपेक्षा घट्ट आहे, बाजूचे नाही. म्हणून रस्ता रुंद करायचा असेल तर जुन्या कडेला नवा भराव लावणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण अर्धा रस्ता घट्ट पीटवर आणि अर्धा मऊ पीटवर येतो. काँक्रीटचा पाया उकरायचा म्हणजे पुन्हा खड्डा आणि पुन्हा ढीग. तो जागीच ठेवून वर पीट पसरणे अनेक ठिकाणी जास्त सुरक्षित ठरते. चर बुजवून जमीन पुन्हा ओली करायची असेल तर सपाट माथ्यापासून सुरुवात करावी. उतारावर आणि गोलाईजवळ चर बुजवले की भूजल वर चढते आणि जुन्या भेगांत पाणी साचते. तिथे आधी दोन खोल्यांचे पीझोमीटर आणि खुंट्यांच्या ओळी लावून एक पूर्ण हिवाळा वाचने घ्यावीत. नंतर एकेक बांध घालून, दोन बांधांच्या मध्ये पाणी स्थिरावते की नाही ते पाहून पुढचा बांध घालावा.